राहतं घर विकायला काढताना: काय हलवायचं, काय तसंच ठेवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये १९९४ सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके फ्लॅट. घरात पाच माणसं: नवरा-बायको, पंच्याहत्तरीच्या सासूबाई, दहावीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. दोन-अडीच महिने झाले, लोक बघून जातात, "घरी बोलून कळवतो" म्हणतात आणि पुढे काहीच होत नाही. एजंटने दोन उपाय सुचवलेत: फ्लॅट रिकामा करून द्या, नाहीतर तीन-चार लाख घालून किचन नवं करा. ताईंचं म्हणणं, दोन्ही जमण्यासारखं नाही. मग राहत्या घरात काय करता येईल?

ताई, दोन्ही करू नका. मी पुण्यात जुन्या फ्लॅटच्या खरेदी-विक्रीत काम करते, आणि विक्रीआधी घर नीट लावून देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. तुमच्या वर्णनावरून घरात दोष आहे असं मला वाटत नाही. घर दिसत नाहीये, एवढंच.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते. फोनच येत नसतील तर गडबड किमतीत किंवा फोटोंत असते. लोक दुसऱ्यांदा येतात, घरच्या मोठ्यांना घेऊन येतात आणि मग थंडावतात, तर कागदपत्रं किंवा व्यवहाराचा आकडा अडतोय असं समजायचं. तुमच्याकडे लोक येतात, एकदा बघतात आणि परत फिरकत नाहीत. म्हणजे फोटो आणि भाव पाहून त्यांना यावंसं वाटलं होतं, आत आल्यावर ती इच्छा राहिली नाही. दारातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या दहा-पंधरा मिनिटांत काय होतं, ते आपल्याला दुरुस्त करायचंय.

आधी किचनचा विषय संपवू. तीस वर्षं जुन्या इमारतीतला फ्लॅट कोथरूडमध्ये बघायला आलेला माणूस पहिल्या पाच प्रश्नांतच विचारतो, "रीडेव्हलपमेंटचं काही चाललंय का? कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालंय का?" सोसायटीचा विचार त्या दिशेने असेल तर तुमचं नवं किचन चार-पाच वर्षांत इमारतीबरोबर जाणार, हे त्याला कळतं. नसेल, तर तो स्वतःच्या पसंतीचा ओटा आणि ट्रॉल्या बसवणार. दोन्हीकडून तुमचे तीन-चार लाख भावात परत येत नाहीत. आणि घर रिकामं करायचं म्हणजे दहावीच्या वर्षात मुलाला हलवायचं, याच भागात भाडं भरायचं. शिवाय रिकामा जुना फ्लॅट फार उघडा पडतो. भिंतीवरची प्रत्येक खिळ्याची खूण, कपाटामागचा वेगळ्या रंगाचा चौकोन, सगळं समोर येतं, आणि पलंग नसलेली बेडरूम उलट लहानच वाटते. माणसं राहत असलेलं, नीट ठेवलेलं घर विकायला जास्त चांगलं. तिथे पाणी येतं, शेजार आहे, मुलं वाढली आहेत, हे न सांगता कळतं.

एक कसोटी मात्र सुरुवातीपासून धरून चाला. जे काही कराल, ते रोज सकाळी वीस मिनिटांत परत जागेवर आणता आलं पाहिजे. घर विकलं जायला दोन महिने लागतील, कदाचित चार. तेवढे दिवस पाच माणसं शोरूममध्ये राहिल्यासारखी राहू शकत नाहीत. पहिल्या आठवड्यात उत्साहाने मांडलेलं तिसऱ्या आठवड्यात विस्कटतं, मग बघायला कोणी येणार म्हटलं की घरात भांडणं सुरू होतात. म्हणून वस्तू सजवण्याच्या भानगडीत पडू नका, कमी करा. जी वस्तू घरात नाही ती आवरावी लागत नाही.

आता हॉल. तुमचा हॉल चौदा बाय दहाचा आहे असं धरते, त्या काळच्या टू बीएचकेमध्ये साधारण तसाच असतो. त्यात काय काय असेल ते मी न बघता सांगू शकते: तीन अधिक एक अधिक एकचा सोफा, सेंटर टेबल, टीव्हीचं युनिट, सासूबाईंचा दिवाण, मुलांच्या सायकलीपैकी एक, दाराशी चपलांचा स्टँड आणि दाराच्या मागे खुंट्यांवर अडकवलेल्या पिशव्या, छत्र्या, हेल्मेट. प्रत्येक वस्तू कामाची आहे. पण बघायला आलेला माणूस चौरस फुटाचा भाव मोजणार आहे आणि त्यातली जमीनच त्याला दिसत नाहीये. सोफ्यातल्या दोन सुट्या खुर्च्यांपैकी एक हलवा. सेंटर टेबल काढाच. पाहुणे आले की चहासाठी छोटं स्टूल पुरतं. दारातून खिडकीपर्यंत माणसाला आडवंतिडवं न होता सरळ चालत जाता आलं पाहिजे, ही हॉलची एकच अट.

सहकारनगरच्या एका घराचं सांगते, कारण तिथे ही गोष्ट अगदी लख्ख दिसली. हॉलमध्ये सागवानी शोकेस होतं, भिंतभर. वरच्या काचेच्या कप्प्यात क्रोकरी, मुलांच्या ट्रॉफ्या, कुठल्याशा सहलीतून आणलेले शंख. ते खिडकीवर जवळजवळ हातभर चढलेलं होतं. बसवलं तेव्हा पर्याय नव्हता, भिंत तेवढीच होती. काका ते काढायला तयार नव्हते, आणि मला त्यांचं मन कळत होतं. मग सुताराकडून ते दोन भागांत सोडवून घेतलं, खालचा बुटका भाग टीव्हीखाली ठेवला आणि वरचा भाग त्यांच्या भावाकडे पाठवला. खिडकी पूर्ण उघडी झाली तेव्हा सकाळचे नऊ-सव्वानऊ झाले होते. उन्हाचा पट्टा फरशीवरून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. काकू म्हणाल्या, एवढं ऊन या घरात येतं हे मी विसरूनच गेले होते. त्यानंतर आम्ही ते घर फक्त सकाळी दाखवलं. भावात काही कमी करावं लागलं नाही.

तुमच्या घरात असं काय आहे ते शोधा. दारात उभं राहून मोबाइलवर फोटो काढा आणि फोटोकडे परक्यासारखं बघा. डोळ्यांना सवय झालेली असते, कॅमेऱ्याला नसते. फोटोत तुमची नजर ज्या वस्तूवर पहिल्यांदा अडते, ती वस्तू आधी हलवायची.

बेडरूमचं गणित साधं आहे. दहा बाय अकराच्या खोलीत सहा बाय साडेसहाचा पलंग म्हणजे एकतृतीयांशाहून जास्त जमीन गेली. त्यात दोन लोखंडी कपाटं, शिलाई मशीन आणि पलंगाखालून डोकावणाऱ्या बॅगा. पलंग ठेवा, त्यावरून खोलीचं माप कळतं. दोन कपाटांपैकी एक शक्य असेल तर बाहेर काढा, निदान खिडकीजवळून हलवा. पलंगाच्या दोन्ही बाजूंनी चालायला जागा सुटली की खोली मोठी वाटते. एकच बाजू भिंतीला टेकलेली असेल तर दुसरीकडे दीड-दोन फूट तरी मोकळे हवेत. पलंगावर एकरंगी फिकट चादर घाला. सोलापुरी चादर मला स्वतःला फार प्रिय आहे, पण तिच्या मोठ्या नक्षीने लहान खोली आणखी भरलेली दिसते. ती घडी करून पायाशी ठेवा.

मग हे सगळं जायचं कुठे? इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. सामान हॉलमधून काढून माळ्यावर कोंबलं तर काही उपयोग नाही, कारण खरेदीदार माळ्याचं दार उघडतो. भिंतीतली कपाटं उघडतो, ओट्याखालचे कप्पे उघडतो. त्याला उघडू द्या, तो त्याचा हक्क आहे. कप्पे खचाखच भरलेले दिसले की तो मनात म्हणतो, यांना जागा पुरत नाही, आम्हाला काय पुरणार. माळा आणि कपाटं निम्मी रिकामी दिसली की या घरात सामान ठेवायला सोय आहे असं त्याला वाटतं. म्हणून काम माळ्यापासून सुरू करायचं, हॉलपासून नाही.

माळ्यावरच्या वस्तूंचे ढीग करताना वेळ लागतो तो आठवणींच्या वस्तूंना. लग्नातली पितळी भांडी, आजेसासूबाईंचे पाट, मुलांची पहिली पुस्तकं. त्यांना हात लावू नका, एका खोक्यात भरून वर नाव लिहा आणि नव्या घरात न्या. नाहीतरी बांधाबांध करावीच लागणार आहे, ती आत्ता अर्धी होऊन जाते. बाकीच्या सामानाला पुण्यात वाटा पुष्कळ आहेत. कपडे बोहारणीला, रद्दी आणि मोडके पंखे-मिक्सर भंगारवाल्याला. जुन्या गाद्या आणि फर्निचरसाठी 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताईंना विचारा. चांगल्या अवस्थेतलं कपाट सोसायटीच्या वॉचमनला किंवा कामवाल्या ताईंना हवं असतं, आधी त्यांना विचारा. आणि जे टाकायचंही नाही आणि घरात ठेवायचंही नाही, ते कोणा नातेवाइकाच्या पार्किंगमधल्या कोपऱ्यात किंवा भाड्याच्या खोलीत दोन-तीन महिने ठेवा. घर बदलण्याच्या खर्चातला तो भाग समजा.

आता सगळ्यात महत्त्वाचा विषय: ओल. १९९४च्या इमारतीत ती कुठे ना कुठे असतेच. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर तळाशी खार फुटलेला, खिडकीच्या कोपऱ्यात पोपडे, वरच्या फ्लॅटच्या बाथरूमखाली छतावर पिवळा डाग. लोक काय करतात, रंगारी बोलावून दोन हात मारून घेतात. रंग ओल्या भिंतीवर टिकत नाही. आठ-पंधरा दिवसांत तो फुगतो, आणि मग नुसती ओल दिसत नाही, ओल लपवल्याचं दिसतं. नव्या रंगाचा एक चौकोन आणि त्यात फुगलेला फोड पाहिला की खरेदीदाराचा सगळ्याच घरावरचा विश्वास जातो.

ही नुसती दिसण्याची गोष्टही नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, खरेदीदाराला साध्या पाहणीत कळणार नाही असा मालमत्तेतला महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत असेल तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून क्रम असा ठेवा. पाणी कुठून येतंय ते प्लंबरकडून शोधून घ्या. तुमच्याच बाथरूमचं असेल तर फरशीच्या फटी भरणं, ट्रॅपभोवतीचा, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याभोवतीचा, जोड नीट करणं, गळका पाइप बदलणं हे तुमच्या खर्चाने. वरच्यांच्या बाथरूमचं असेल तर त्यांच्याशी बोला, आणि सोसायटीला लेखी कळवून पोच घ्या. बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी येत असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी. गळती थांबल्यावर भिंत वाळू द्या, त्याला काही आठवडे लागतात आणि पावसाळ्यात ती धड वाळतच नाही. मग खरवडून, लांबी भरून, प्रायमर मारून रंग. तेवढा वेळ नसेल तर रंग मारूच नका. डाग तसाच ठेवा, प्लंबरचं बिल जवळ ठेवा आणि सांगा: "इथे गळत होतं, दुरुस्ती या महिन्यात झाली, भिंत वाळतेय." मी अनेक व्यवहार या एका वाक्याने पुढे सरकलेले पाहिलेत. समोरचा माणूस आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करतोय, त्याला खरं बोलणारा विक्रेता हवा असतो.

रंग द्यायचाच तर सगळं घर रंगवायची गरज नाही. हॉल आणि दारासमोरचा पॅसेज पुरे. ठिगळासारखा रंग जुळत नाही, म्हणून भिंत रंगवायची ती या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण. ऑफ व्हाईट किंवा फिकट बदामी. मुलांच्या खोलीतली जांभळी भिंत तुमची हौस आहे, पण फोटोत तीच लक्षात राहते आणि बाकी खोली विसरली जाते. सासूबाईंना दम्याचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर कमी वासाचा रंग मागा आणि ते दोन दिवस त्यांना नणंदेकडे किंवा बहिणीकडे पाठवा.

प्रकाशाकडे कोणी लक्ष देत नाही, आणि सगळ्यात स्वस्तात होणारं काम तेच आहे. जुन्या घरांत प्रत्येक दिवा वेगवेगळ्या वर्षी बदललेला असतो. हॉलमध्ये निळसर पांढरी ट्यूब, पॅसेजमध्ये पिवळा बल्ब, बेडरूममध्ये तिसराच. एका खोलीतून दुसरीत जाताना घर तुटक वाटतं. एलईडीच्या खोक्यावर रंगाचा आकडा छापलेला असतो: ३००० के म्हणजे पिवळसर, ६५०० के म्हणजे निळसर पांढरा. मधला ४००० के घ्या आणि घरभर तोच लावा. पॅसेज, बाथरूम आणि ओट्याच्या वर थोडा जास्त उजेड हवा. पंख्यांची पाती, ट्यूबची पट्टी, बटणांभोवतीचे हातांचे काळे डाग पुसून घ्या. खिडक्यांच्या मच्छरजाळ्या काढून धुवा. धुळीने भरलेली जाळी किती उजेड अडवते ते धुतल्यावरच कळतं. ग्रिलमध्ये ठेवलेल्या रिकाम्या कुंड्या आणि जुने डबे काढून टाका. तुळस ठेवा, तिच्याबरोबर हिरवीगार असतील तेवढी एक-दोन रोपं ठेवा.

बघायला येणारे असतील त्या दिवशी बाल्कनीतल्या दोरीवर कपडे नकोत. ड्राय बाल्कनीत वाळत घाला, आणि तीही दाखवायची असल्यामुळे ते येण्याआधी काढा.

स्वयंपाकघरात तीन-चार लाखांचं काम नको म्हटलं, पण तीन-चार दिवसांचं काम आहे. ओट्यावर शेगडी, पाण्याचं भांडं आणि एखादी बरणी एवढंच दिसू द्या. मिक्सर, ओव्हन, तेलाचे कॅन, डब्यांच्या रांगा आत. कडप्प्याचा ओटा असेल तर त्याला लाजू नका, स्वच्छ धुऊन कोरडा केला की तो छान काळा दिसतो. टाइल्सवरचा फोडणीचा चिकट थर सोड्याने निघतो. नळ गळत असेल तर वॉशर बदला, सिंकखालचा पाइप बघा, ट्रॉल्यांच्या आणि दारांच्या बिजागऱ्यांना तेल घाला. खरेदीदार नळ सोडून बघतो, दार ढकलून बघतो. नळ ठिबकला, दार करकरलं की तो हिशोब लावायला लागतो की या लोकांनी आणखी काय काय तसंच सोडलं असेल. फ्रिजच्या दारावरची वेळापत्रकं, मॅग्नेट आणि वरच्या औषधांच्या पट्ट्या काढा. औषधांच्या पट्ट्या तर नक्कीच. घरातलं आजारपण परक्या माणसाला दिसायचं काही कारण नाही.

वासाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. रूम फ्रेशनर आणि दाट उदबत्ती नको. येणाऱ्याला लगेच शंका येते की हे काहीतरी झाकतायत. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढा, पायपुसणी धुऊन उन्हात टाका, सकाळी तासभर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. एवढं केलं की घराला कुठलाच वास राहत नाही, आणि तेच हवंय. रविवारचा मासे-मटणाचा बेत असेल तर तो बघणारे जाऊन गेल्यावर शिजू दे.

बाथरूममध्ये बादल्या-मग एका रंगाचे, टूथब्रश आत, फरशी कोरडी. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग नळांवर बसले असतील तर लिंबाचं फूल पाण्यात विरघळवून लावा, थोडा वेळ ठेवा आणि घासा. ॲसिड वापरू नका, त्याने नळांचं क्रोम जातं आणि फरशीच्या फटी पोखरतात. आणि ॲसिड व ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो.

आता माणसांकडे येते, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त तेच जाणवलं. सासूबाई हॉलमधल्या दिवाणावर झोपतात असं तुम्ही लिहिलंय. कल्पना करा, एक अनोळखी जोडपं आत येतं, आजी पडलेल्या आहेत, त्या घाईघाईने उठून पदर सावरतात. जोडपं ओशाळतं. ते हॉलमध्ये थांबत नाहीत, खिडकीपर्यंत जात नाहीत, दबक्या आवाजात आतल्या खोल्या बघून पाच मिनिटांत निघून जातात. जे थांबलेच नाहीत ते घर घेणार कसे? तुमच्या घरी हेच होत असावं.

यावर आजींना "जरा बाहेर जाऊन बसा" म्हणणं हा उपाय नाही. हे घर त्यांचंही आहे, आणि ते सोडायचं दुःख कदाचित सगळ्यात जास्त त्यांनाच असेल. त्यांना आधी विश्वासात घ्या. घर दाखवायच्या वेळा ठरवून टाका: शनिवारी संध्याकाळी दोन तास, रविवारी सकाळी दहा ते एक. मधल्या दिवसांत कोणालाही हो म्हणू नका, एजंटला तसं बजावून सांगा. ज्याला खरंच घर घ्यायचंय तो रविवारपर्यंत थांबतो. त्या वेळी आजींची खुर्ची बाल्कनीत किंवा बेडरूमच्या खिडकीशी मांडा, जिथे त्यांना बरं वाटतं तिथे. शेजारच्या काकूंकडे किंवा देवळात जायची त्यांची रीत असेल तर ती वेळ त्याला जुळवा. आणि त्या घरात असतील तर त्यांना बोलू द्या. "इथे पाणी चोवीस तास असतं का?" या प्रश्नाला आजींनी दिलेलं उत्तर लोकांना माझ्या किंवा एजंटच्या उत्तरापेक्षा जास्त पटतं. दिवाणावरचं अंथरूण सकाळी उचलून आत ठेवलं की तो बसायचा दिवाण होतो. हे वीस मिनिटांतलं काम आहे.

देवघर हलवायचं का, असं बरेच जण विचारतात. हलवू नका. ते स्वच्छ असावं, समईच्या काजळीचा भिंतीवरचा डाग पुसलेला असावा, बस. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेकांना स्वतःचा देव कुठे ठेवायचा हा प्रश्न असतोच, त्याचं उत्तर त्यांना समोर दिसतं. दुसऱ्या धर्माचा खरेदीदार असला तरी नीट ठेवलेल्या देवघराने त्याचं काही बिघडत नाही. दिशा बघायला लोक मोबाइलवरचं होकायंत्र काढतात, ते लोखंडी ग्रिलजवळ किंवा कपाटाजवळ चुकीचं दाखवतं. कोणी विचारलं तर खोलीच्या मधोमध उभं राहून बघा म्हणावं. दिशेबद्दल स्वतःहून काही पटवून द्यायला जाऊ नका.

मुलाचं अभ्यासाचं टेबल जिथे आहे तिथेच ठेवा. वर एक दिवा, पुस्तकांची एक रांग, बाकीच्या गाइडांचा ढीग खालच्या खोक्यात. अभ्यासाची नेटकी जागा दिसली की मुलं असलेल्या कुटुंबांना घर आपलं वाटायला लागतं, आणि कोथरूडमध्ये येणारे पुष्कळसे तेच असतात. मात्र बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्याआधी महिनाभर घर दाखवणं बंद ठेवा, त्याने काही नुकसान होणार नाही. गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या काळात लोक उत्साहाने घरं बघतात, जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी हलायची घाई असलेली कुटुंबंही तेव्हाच बाहेर पडतात. पितृपक्षात फोन थंडावतील, तेव्हा काळजी करत बसू नका.

घर असं लावून झालं की फोटो नव्याने काढा, जुने सगळे काढून टाका. सकाळच्या उजेडात, मोबाइल आडवा धरून, छातीच्या उंचीवरून, खोलीच्या कोपऱ्यातून. अतिरुंद लेन्सने काढू नका. दहा बाय अकराची खोली त्यात पंधराची दिसते आणि प्रत्यक्षात आलेला माणूस दारातच हिरमुसतो. फोटोत मुलांचे चेहरे, शाळेचं नाव, दारावरची पाटी, तिजोरीचं कपाट येऊ देऊ नका. घर दाखवायच्या दिवशी दागिने आणि मूळ कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये असावीत. येणाऱ्यांवर संशय घ्यायला नको, आणि आपला जीवही टांगणीला नको.

बाल्कनी बंद करून खोलीत घेतली असेल तर तिला खोली म्हणून मांडू नका. मंजूर नकाशात ती बहुधा बाल्कनीच असते आणि कर्ज देणाऱ्या बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, ते बघणार आहे. तिथे दोन खुर्च्या ठेवा, बसायची जागा म्हणून ती छानच दिसते.

टेबलावर एक साधी फाइल ठेवा. त्यात शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या कराराचा सरकारी गोषवारा), कराराची पहिली पानं, मिळकतकराची शेवटची पावती, सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती, महावितरणचं बिल, सगळ्याच्या झेरॉक्स. आणि एका कागदावर घराचा नकाशा, प्रत्येक खोलीची आतली मापं लिहून. जुन्या करारात बहुधा बिल्टअप, म्हणजे भिंतींसकटचं, क्षेत्र असतं आणि आजचा खरेदीदार कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं, क्षेत्र विचारतो, म्हणून टेप लावून स्वतः मोजा, अंदाज सांगू नका. हा नकाशा प्रत्येकाला घरी न्यायला द्या. रात्री जेवताना ते त्या कागदावर आपला सोफा कुठे बसेल ते बघतात. तुमचं घर बघून गेल्यावर आणखी तीन घरं बघितलेली असतात, त्यात मापांसकट आठवणारं एकच असतं.

खर्चाचं म्हणाल तर हॉल-पॅसेजचा रंग, दिवे, प्लंबर, सुतार आणि एकदा माणसं लावून केलेली स्वच्छता धरून पस्तीस-चाळीस हजारांच्या पुढे जायचं कारण नाही. ओलीचं काम मोठं निघालं तर ते वेगळं. त्यातही आधी माळा आणि हॉल करा, फोटो काढा, दोन रविवार जाऊ द्या, मग बाकीचं ठरवा. प्रत्येक भेटीनंतर एजंटला "आवडलं का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. "ते सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबले आणि काय विचारलं?" हे विचारा आणि लिहून ठेवा. तीन-चार जणांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलं तर ती दुरुस्त करायची. आणि असं घर लावूनही महिना-दीड महिन्यात कोणी दुसऱ्यांदा आलं नाही, तरच भावाकडे वळा.

शेवटचं एक, टोकन घेण्याआधीचं. घर आवरलेलं असलं की येणाऱ्याला ते आहे तसं हवंसं वाटतं, अगदी पंखे आणि पडद्यांसकट. काय राहणार आणि काय तुम्ही नेणार याची यादी आधीच करून फाइलमध्ये लावा: गीझर, पंखे, चिमणी, भिंतीतली कपाटं, मच्छरजाळ्या, पडद्यांचे रॉड, नवे दिवे. सासूबाईंचं देवघर भिंतीला बसवलेलं असेल तर ते यादीत पहिल्याच ओळीत लिहा की ते आम्ही नेणार आहोत, आणि करारनाम्यातही तसं घालून घ्या.